गाडीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतोय? आधी वेळ बघा, मग पार्ट

गाडीतून गंधकासारखा वास येतो म्हटलं की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "कॅटकॉन गेला, बदलावा लागेल." कॅटकॉन म्हणजे सायलेन्सरच्या पाइपवरचा, धूर साफ करणारा डबा. कधीकधी ते खरंही निघतं. पण हा वास गाडीत चार-पाच ठिकाणांहून येऊ शकतो. त्यातली दोन ठिकाणं थेट जिवाशी खेळणारी आहेत, आणि उरलेल्यांत कॅटकॉन बहुतेक वेळा नुसती चहाडी करत असतो; खोड दुसऱ्याचीच असते. म्हणून पार्ट बदलण्याआधी वास कधी येतो, कुठे येतो आणि इंजिन बंद केल्यावर त्याचं काय होतं, एवढं नीट पाहायला हवं. त्याला पाना-पक्कड लागत नाही.

आधी वास ओळखू. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी पादेलोणाची बरणी उघडून हुंगावी, त्यातही हीच गंधकाची जात आहे. काडेपेटीची काडी ओढल्यावर किंवा लवंगी माळ लावल्यावर नाकात जो झणका जातो तो सल्फर डायऑक्साइड. घरचा गॅस सिलिंडर गळला की येणारा, कुजका कोबी आणि लसूण यांच्या मधला वास मर्कॅप्टनचा. तो मुद्दाम घातलेला असतो. आणि मुतारीसारखा झोंबणारा वास आला तर तो अमोनिया. नव्या डिझेल गाड्यांमध्ये युरियाचं द्रावण भरावं लागतं, तिथून तो येऊ शकतो. गंधकाचा त्यात संबंध नाही. चारही वासांना लोक सरसकट "गंधकाचा वास" म्हणतात आणि तपास तिथेच भरकटतो.

दुसरी गोष्ट, वास गाडीचाच आहे ना? गळीत हंगामात साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याजवळून जाताना, ओहोटीला खाडीलगतच्या रस्त्यावर, किंवा घाटात एखाद्या जुनाट ट्रकच्या मागे अडकल्यावर बाहेरची हवा एसीच्या वाटेने आत येते. एसीचं रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. ठिकाण मागे पडल्यावर वासही मागे पडला तर गाडीला दोष देऊ नका. पावसाळ्यात एसीच्या ब्लोअरपाशी मेलेला उंदीर, ओल्या राहिलेल्या कार्पेटची कुबट घाण आणि कोकणातून आणलेल्या सुक्या बोंबलाची डिकीत फाटलेली पिशवी या तीन गोष्टींनी पुष्कळ गॅरेजवाल्यांचा वेळ खाल्लेला आहे. हे वास गाडी रात्रभर बंद उभी असली तरी सकाळी दार उघडताच येतात, आणि इंजिनच्या फेऱ्यांशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

आधी दोन धोके: बॅटरी आणि सीएनजी

बॅटरीचा वास कॅटकॉनच्या वासासारखाच असतो, कारण वायू तोच आहे. फरक जागेचा. कॅटकॉनचा वास बाहेर, गाडीच्या मागच्या बाजूला जास्त येतो. बॅटरीचा वास बॉनेटमधून येतो, आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून एसी हवा ओढतो म्हणून थेट तोंडावर येतो. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असते. तिथे तर तो सरळ आतच कोंडतो.

होतं काय ते बघा. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचं. चार्जिंगला १४.४ व्होल्ट मिळतात तेव्हा प्रत्येक घराच्या वाट्याला २.४ येतात. त्यापुढे चढवलं की आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतो, बॅटरी तापते, पाणी घटतं, ॲसिड घट्ट होतं. आणि हे असंच चालू राहिलं तर सल्फ्युरिक ॲसिडमधल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड व्हायला लागतो. म्हणजे वास येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

याला कारणं दोन. पहिलं सगळ्यांना माहीत असतं: इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून तो जास्त व्होल्टेज देतो. दुसरं कारण चकवतं. समजा सहापैकी एक घर आतून शॉर्ट झालं. अल्टरनेटर अगदी ठणठणीत आहे, तो बिचारा १४.४ च देतोय. पण आता ते पाच घरांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ २.९ व्होल्ट. उरलेली पाचही घरं ओव्हरचार्ज होतात आणि मीटरवर चार्जिंग नॉर्मल दिसतं. इंजिन बंद करून काही तासांनी मोजलं की मग खरं कळतं: १२.६ च्या जागी १०.५ च्या आसपास आकडा आला तर एक घर मेलंय.

साधा मल्टिमीटर घरात असेल तर ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण वास येत असताना आणि बॅटरी गरम असताना ती करू नका. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होतो, आणि बॅटरीच्या तोंडाशी ते प्रमाण सहज गाठलं जातं. गाडी मोकळ्यावर उभी करा, इंजिन बंद करा, काचा खाली करा, सगळे उतरा. बॉनेटच्या फटीतून आच लागत असेल तर उघडायची घाई करू नका. टर्मिनल ओढून काढणं, जंप स्टार्ट करणं, चार्जर लावणं यातलं काहीही नाही. थंड झाल्यावर बघा: बॅटरीच्या बाजू फुगल्यात का, झाकणाजवळ ओल आहे का, टर्मिनलवर पांढरं-निळसर चढलंय का. सांडलेल्या ॲसिडवर खायच्या सोड्याचं पाणी ओतावं. सुती कपड्याला लागलं असेल तर धुतल्यावर भोकं पडलेली दिसतील, तेव्हा हात आणि डोळे जपा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतो, त्यामुळे मध्येच १२.८ दिसलं म्हणून दचकायचं नाही. पण आकडा १५ च्या वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसला तर गाडी पुढे हाकू नका, इलेक्ट्रिशियनला जागेवर बोलवा. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हेच सगळं लागू आहे, हे जाता जाता.

एक इशारा. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना नाकाला प्रचंड जाणवतो, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांपर्यंत गेलं की वासाची जाणीवच बधिर होते. बंद जागेत वास आधी जबर आला आणि मग "गेला" असं वाटलं, डोळे चुरचुरताहेत, डोकं जड झालंय, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. तिथून बाहेर पडा.

आता सीएनजी. मुंबई-पुण्यात हा मुद्दा टाळून चालत नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनला स्वतःचा वास नाही. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत असाच बिनवासाचा वायू साचून स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूत उग्र वास मिसळण्याचे कायदे आले. तुमच्या गाडीत येणारा तो लसणासारखा वास म्हणजे त्याच इशाऱ्याचा वारसा आहे. त्याचा कॅटकॉनशी काही संबंध नाही.

ओळखायची खूण: वास इंजिन बंद असतानाही येतो, डिकी उघडल्यावर जास्त येतो, आणि गॅस भरून आणल्यावर वाढतो, कारण तेव्हा टाकीतला दाब २०० बारच्या घरात असतो आणि ढिला सांधा तेव्हाच उघडा पडतो. मिथेन हवेपेक्षा हलका. मोकळ्यावर तो वर निघून जातो, पण सोसायटीच्या बेसमेंटमध्ये छताखाली साचतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेटायला तयार. म्हणून बेसमेंटमध्ये वास आला तर चावी फिरवू नका, रिमोटचं बटण दाबू नका. दारं-डिकी उघडी टाका, सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि जमल्यास गाडी ढकलत बाहेर काढा. साबणाच्या फेसाने सांधा शोधण्याचं काम किट बसवणाऱ्याला करू द्या. सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटून गेली असेल तर त्याच फेरीत तेही उरका.

वास कंपनी फिटेड गाडीत येतोय की बाहेरून किट बसवलेल्या, याने वागण्यात काही फरक पडत नाही. "कंपनी फिटेड आहे, लीक कसा होईल?" हे वाक्य फार ऐकू येतं आणि ते निव्वळ भाबडेपण आहे.

धुरांड्यातून येणारा वास

बॅटरी आणि सीएनजी बाजूला झाले, वास गाडीच्या मागून आणि फक्त इंजिन चालू असताना येतोय, हे पक्कं झालं की मग कॅटकॉनकडे वळू.

पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच, कच्च्या तेलातून येतं. पूर्वी ते बरंच होतं. बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी निकष) च्या पेट्रोलला १५० पीपीएमची मुभा होती, १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये फक्त १०. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, किलोमागे एक मिलिग्रॅम. चाळीस लिटरच्या टाकीत सुमारे ३० किलो पेट्रोल बसतं. म्हणजे आज पूर्ण टाकीत जास्तीत जास्त ०.३ ग्रॅम गंधक; बीएस-३ च्या दिवसांत तेच ४.५ ग्रॅम होतं. थोडं गंधक इंजिन ऑइलमधल्या रसायनांतूनही येतं, म्हणून ऑइल पिणारी गाडी जास्त घाणते.

चिमूटभरही नाही एवढ्या गंधकाचा वास कसा येईल? कारण नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या अब्ज भागांत दहा भाग असला तरी तो बहुतेकांना कळतो. ते ०.३ ग्रॅम सगळंच्या सगळं हायड्रोजन सल्फाइड झालं तर जेमतेम पाव लिटर वायू होईल, पण या हिशोबाने तो २२,००० घनमीटर हवा नासवू शकेल. टाकीभर वास यायला टाकीभर गंधक लागत नाही.

एरवी तो का येत नाही, याचं उत्तर कॅटकॉनमध्ये आहे. सायलेन्सरच्या पाइपवर, इंजिनपासून फार लांब नसलेला तो फुगीर डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा आणि सेरियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाच्या पेट्रोलबरोबर तो नव्या गाड्यांत आला. इंजिनमध्ये जळताना गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. त्यातला काही तसाच बाहेर जातो, इतक्या कमी प्रमाणात की कळत नाही. काही मात्र कॅटकॉनच्या त्या थरावर सल्फेट होऊन बसतो. धुरात थोडा ऑक्सिजन शिल्लक आहे तोवर तो तिथे गपगार असतो. पण ऑक्सिजन संपला आणि न जळालेलं इंधन यायला लागलं, वर डबा चांगला तापलेला असला, की साठलेलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे: रोज थोडं थोडं लिहिलं जातं, कोणाला काही वाटत नाही, आणि एके दिवशी सगळी वसुली एकदम निघते.

म्हणून वास येणं याचा पहिला अर्थ असा, की इंजिनमध्ये पेट्रोल हवेच्या मानाने जास्त जातंय. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे बघत सतत ते प्रमाण सांभाळतो. त्यापेक्षा पेट्रोल जास्त झालं की मेकॅनिक म्हणतो, "मिक्श्चर रिच आहे."

ते मुद्दाम रिच होण्याचा एक प्रसंग आहे. बोरघाटात किंवा कसाऱ्याला चार माणसं, सामान आणि एसी घेऊन पाय पूर्ण दाबून चढताना इंजिन थंड ठेवण्यासाठी संगणक स्वतःच पेट्रोल वाढवतो. शहरात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या कॅटकॉनमध्ये गंधक साठलेलं असतं, कारण तिथे तो कधी पुरेसा तापतच नाही. अशी गाडी सहा महिन्यांनी घाट चढली की माथ्यावर वास येणारच. दहा-पंधरा मिनिटांत गेला, नंतर सपाटीवर परत आला नाही, ॲव्हरेज ठीक आहे, चेक इंजिनचा दिवा नाही, तर चहा प्या आणि पुढे निघा.

सिग्नलला उभं असताना, रोज, सपाट रस्त्यावर वास येत असेल तर मात्र शोध घ्यावा लागतो.

पेट्रोल जास्त का जातंय?

गळका इंजेक्टर, सुस्तावलेला ऑक्सिजन सेन्सर, बिघडलेला प्रेशर रेग्युलेटर ही पुस्तकी यादी कुठेही मिळेल. आपल्याकडे हटकून भेटणाऱ्या दोन कारणांवर जरा जास्त थांबतो, कारण ती दोन्ही आपणच ओढवून घेतलेली असतात.

पहिलं, काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह. इंजिन तापतंय अशी तक्रार घेऊन गाडी गेली की काही ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून फेकतात. "आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही, साहेब." गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण आता रेडिएटरचं थंड पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनात फिरतं. नाशिककडे डिसेंबरात सकाळी हमरस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावा: पाण्याचं तापमान जिथे ८५ ते ९५ अंश हवं तिथे ५५-६० वर रेंगाळलेलं दिसेल. संगणक समजतो, इंजिन अजून थंड आहे, वॉर्मअप चालू आहे. तो पेट्रोल वाढवून देत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, प्लग काजळतात आणि मागून कुजका वास सुरू होतो. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर हेच समजा. नवीन थर्मोस्टॅट हा गाडीतल्या स्वस्त पार्टांपैकी एक आहे. त्याच्या जागी कॅटकॉन बदलून घेणं म्हणजे आजार डोळ्याला आणि पट्टी गुडघ्याला.

दुसरं, टाकी काठोकाठ भरणं. पंपावर पिस्तूल "टक" करून बंद पडतं, तरी आकडा पूर्ण करायला दोन-तीनदा दाबून आणखी ओततात. टाकीतली वाफ शोषून घ्यायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर. त्याचं काम वाफ पकडायचं. जास्त भरलं की त्यात पातळ पेट्रोल शिरतं, आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ते थेट इंजिनात ओढलं जातं. पेट्रोल भरून निघाल्यावर लगेच गाडी अडखळते, स्टार्ट व्हायला त्रास देते आणि वास येतो, असा क्रम दिसला तर संशय इथे घ्या. पिस्तूल एकदा बंद पडलं की बास म्हणायचं.

याशिवाय मिसफायर. प्लग किंवा कॉइल गेली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे जळतं. डबा लाल होईपर्यंत तापतो, आतली वीट वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नसून लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच असतो, आणि तेव्हा "घरी पोचून बघू" चालत नाही. गाडी हळू करून बाजूला घ्या.

इथेनॉलवर खापर फोडायची सध्या फॅशन आहे, पण इथेनॉलच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच आहे, गंधक नाहीच. ई-२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, इतर तक्रारी असतील तर त्या वेगळ्या. हा वास त्याच्या नावावर लिहू नका.

गॅरेजमध्ये काय मागायचं

खिशात आधीच असलेला एक पुरावा लोक विसरतात: पीयूसीची पावती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला मर्यादा ०.३ टक्के आहे. मिक्श्चर रिच असेल तर हा आकडा चढतो, कारण पेट्रोल पुरतं जळायला हवाच मिळत नाही. मागच्या वर्षीची पावती आणि आजची शेजारी ठेवून बघा. अट एकच, नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी. गाडी न पाहता मिळालेल्या पावतीचा इथे काही उपयोग नाही.

मग स्कॅनर. नुसते कोड वाचून समाधान मानू नका, लाइव्ह डेटा दाखवायला सांगा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप यांनीही हे दिसतं. बघायचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय ते त्यात कळतं. गरम इंजिनवर उणे-अधिक १० च्या आत असेल तर ठीक. लाँग टर्म ट्रिम उणे १५, उणे २० दिसतोय म्हणजे संगणक जीव तोडून पेट्रोल कापतोय आणि तरी कुठून तरी जास्त येतंय: इंजेक्टर, प्रेशर, पर्ज व्हॉल्व्ह. उलट ट्रिम शून्याजवळ असून वास येत असेल तर तापमानाकडे आणि ऑक्सिजन सेन्सरकडे वळा. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो. हे जुन्या, साध्या प्रकारच्या सेन्सरचं. काही नव्या गाड्यांतला सेन्सर वेगळा वाचावा लागतो. एकाच आकड्यावर चिकटलेला सेन्सर संशयित.

शेवटी एक प्लग काढून हातात घ्या. टोकाशी फिकट विटकरी-तपकिरी रंग असेल तर ज्वलन चांगलं. बोटाला लागेल अशी कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त. चकचकीत ओला काळेपणा असेल तर ऑइल जळतंय आणि गंधक तिथूनही येतंय. चारही प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायला सांगा. चारही सारखे काळे म्हणजे दोष सगळ्या इंजिनाचा. एकच काळा म्हणजे त्या एका सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी तपासणी गाडीत दुसरी नाही, तरी ती करायचा कंटाळा का करतात कळत नाही.

पी०४२० हा कोड आला की कॅटकॉन बदलायचा आग्रह सुरू होतो. तो कोड एवढंच सांगतो की कॅटकॉन पुरेसं काम करत नाहीये. का करत नाहीये, ते नाही सांगत. रिच मिक्श्चर तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. खरोखर बदलावाच लागला तर जुना परत मागा. आतल्या मौल्यवान धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली किंमत येते. आणि "काढूनच टाकू, पिकअप वाढेल" या सल्ल्याला नकार द्या. वास जाईल हे खरं, पण विषारी धूर तसाच बाहेर जाईल आणि गाडी कायद्याने रस्त्यावर चालवण्याजोगी राहणार नाही.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. काही बीएस-६ डिझेल गाड्यांत नायट्रोजनची ऑक्साइडं पकडणारा सापळा असतो. त्यातही गंधक साठतं आणि ते जाळायला संगणक अधूनमधून मुद्दाम रिच मिक्श्चर देतो. तेव्हा थोडा वेळ वास येऊ शकतो. डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारी गाळणी) साफ होताना येणारा वास जळका, गरम लोखंडाचा असतो, त्याची याच्याशी गल्लत नको.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या, इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाड्यांत आणखी एक जागा तपासा: डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा. गिअर ऑइलमध्ये दात झिजू नयेत म्हणून गंधकाची रसायनं घातलेली असतात. ऑइल जुनं झालं, ऑइल सील गळून ते गरम पाइपवर पडलं, की लसूण आणि अंडं यांच्या मधला उग्र वास येतो. गाडी सकाळी हलवल्यावर जमिनीवर जाड, काळपट थेंब दिसले तर बोटावर घेऊन हुंगा. दुसरा पुरावा लागत नाही.

आणि धुराचा कुठलाही वास केबिनमध्ये, विशेषतः मागच्या सीटवर येत असेल, तर गंधक सोडा. सायलेन्सरला भोक पडलंय किंवा डिकीचं रबर गेलंय, आणि त्याच वाटेने बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइडही आत येतोय. अशी गाडी एसी लावून, काचा बंद करून झोपायला अजिबात वापरू नका. दुरुस्ती त्याच दिवशी.

मूळ दोष काढल्यावर वास लगेच थांबेलच असं नाही. कॅटकॉनमध्ये जुनं साठलेलं गंधक अजून आहे. हमरस्त्यावर तासभर, चौथ्या-पाचव्या गिअरला, जरा भार देऊन गाडी चालवा म्हणजे डबा पुरेसा तापेल. त्या फेरीत वास उलट थोडा वाढल्यासारखा वाटेल, मग ओसरेल. त्यानंतर टाकी-दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत ॲव्हरेजची नोंद ठेवा. ॲव्हरेज सुधारलं, ट्रिम शून्याकडे आले, तरी वास तसाच आहे, आणि बंपरखालून डब्यावर हलकी टिचकी मारली की आत वीट खुळखुळते, तर आता कॅटकॉनची ऑर्डर द्यायला हरकत नाही.